दोन लाईन, एक राऊटर: टीपी-लिंक ईआर६०५ आठ महिने वापरल्यानंतर

दोन कंपन्यांचे इंटरनेट घेऊन ते एकाच राऊटरला लावले तर वेग दुप्पट होतो का, हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत इतक्या ओळखीच्यांनी विचारला आहे की त्याचे उत्तर आधीच देऊन टाकते. बहुतेकांच्या मनात असते त्या अर्थाने वेग दुप्पट होत नाही. तरीही टीपी-लिंकचा ईआर६०५ हा राऊटर घेतल्याचे मला समाधान आहे, कारण आमच्या घरात 'नेट गेले' हे वाक्य आता क्वचितच ऐकू येते. या दोन गोष्टींमधला फरक नीट कळला, तर हे उपकरण कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये हे ठरवणे सोपे जाईल.

मी साताऱ्यात घरूनच करसल्लागाराचे काम करते. जीएसटीचे मासिक ३बी विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख २० असते आणि उशीर झाला की दिवसाला ५० रुपये, भरायचा कर शून्य असेल तर २० रुपये विलंबशुल्क लागते. त्यामुळे १९ आणि २० तारखेला नेट जाणे म्हणजे काय, हे या व्यवसायातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. मुलगी पुण्यातल्या एका कंपनीचे काम घरूनच करते आणि तिचा निम्मा दिवस ऑनलाइन बैठकांत जातो. गेल्या पावसाळ्यात आमची एकुलती एक फायबर लाईन महिन्याभरात सहा वेळा बंद पडली. फोनच्या हॉटस्पॉटवर दोघींचे काम भागेना, म्हणून दुसऱ्या कंपनीची लाईन घेतली. पण दोन लाईन म्हणजे घरात दोन वायफाय झाले. प्रिंटर एका वायफायवर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर, नेट गेले की प्रत्येकाने आपापल्या फोनवर नाव बदलायचे, सासूबाईंच्या टॅबवर मी जाऊन बदलायचे, आणि पहिली लाईन परत आली की पुन्हा सगळे उलट करायचे. हा त्रास वाचावा एवढ्याच हेतूने मी दोन लाईन सामावून घेणारा राऊटर शोधू लागले.

ईआर६०५ ही तळहातापेक्षा थोडी मोठी, धातूच्या आवरणाची डबी आहे. तिला पंखा नाही, अँटेना नाही, आणि मुख्य म्हणजे वायफायही नाही. खरेदी करण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे. पुढे पाच गिगाबिट पोर्ट आहेत. त्यांपैकी पहिला बाहेरून येणाऱ्या लाईनसाठी, म्हणजे वॅनसाठी राखलेला आहे, आणि त्याच्या शेजारचे पोर्ट आपल्या सोयीने वॅन किंवा लॅन, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठी, म्हणून वापरता येतात. दुसऱ्या आवृत्तीत मोबाईलचे डोंगल लावण्यासाठी यूएसबी पोर्टही आहे, मात्र कोणते डोंगल चालते याची यादी कंपनी देते आणि ती पाहिल्याशिवाय डोंगल विकत घेऊ नये. हा राऊटर कंपनीच्या ओमाडा या छोट्या कार्यालयांसाठी केलेल्या मालिकेतला आहे, पण अनेक उपकरणे एकत्र सांभाळणारा वेगळा कंट्रोलर न घेता ब्राउझरमधून एकट्यानेही तो चालवता येतो. मी तसाच चालवते.

वायफायसाठी मी कपाटात पडलेला जुना राऊटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय पसरवण्यापुरता, टाकून ईआर६०५च्या लॅन पोर्टला जोडला. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी दिलेल्या ओएनटीच्या, म्हणजे फायबर वायर ज्यात येते त्या, डब्यांचे स्वतःचे वायफाय बंद केले. ही पायरी लोक हमखास विसरतात. ते वायफाय चालू राहिले तर घरातले फोन जुन्या सवयीने त्यालाच चिकटून बसतात, नवा राऊटर मधल्यामध्ये नुसता दिवे लावून उभा राहतो, आणि लाईन गेली की 'एवढे पैसे घालून फरक काहीच नाही' असे वाटू लागते. लँडलाइनचा फोन ज्या ओएनटीला जोडलेला आहे त्यालाच राहू द्यावा. त्याचा या राऊटरशी संबंध येत नाही.

आता वेगाचा प्रश्न. सातारा स्टँडवरून पुण्याला एका ऐवजी दोन गाड्या सुटू लागल्या तर जास्त माणसे जातील आणि गर्दी कमी होईल, पण एकट्या प्रवाशाला पुण्यात पोहोचायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागेल. त्याला अर्धा एका गाडीत आणि अर्धा दुसऱ्या गाडीत बसवता येत नाही. लोड बॅलन्सिंग हे असेच काम आहे. आपल्या घरातून निघणारी प्रत्येक जोडणी, म्हणजे एखादे संकेतस्थळ उघडणे, एखादी फाईल उतरवणे किंवा एखादा व्हिडिओ, राऊटर एका लाईनवर बसवून देतो आणि ती संपेपर्यंत ती त्याच लाईनवर राहते. याचे कारण असे की दोन्ही कंपन्या आपल्याला वेगवेगळे आयपी पत्ते देतात, आणि पलीकडच्या सर्व्हरच्या दृष्टीने दोन पत्त्यांवरून आलेले तुकडे ही दोन वेगळ्या माणसांची पत्रे असतात. ती एका पाकिटात घालण्याचा त्याला अधिकारही नसतो आणि सोयही नसते.

माझ्याकडे सुरुवातीला एक लाईन १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) आणि दुसरी ५० ची होती. एकच मोठी फाईल उतरवली की सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या वर आकडा जात नाही, म्हणजे १०० ची लाईन पूर्ण वापरली जाते आणि दुसरी नुसती बसून असते. मात्र मी विवरणपत्रांचे काम करताना मुलीची बैठक आणि दिवाणखान्यातला टीव्ही एकाच वेळी चालू असेल, तर एकाचा भार दुसऱ्यावर पडत नाही. वेग नोंदवणाऱ्या चाचणीत गंमत अशी दिसली की एका सेटिंगमध्ये आकडा कधी ९५ तर कधी ४८ येई आणि दुसऱ्या सेटिंगमध्ये तो थेट १४० च्या आसपास जाई. या दोन आकड्यांमागे जे आहे तेच या राऊटरमधले सगळ्यात महत्त्वाचे समजून घेण्याजोगे आहे.

'अॅप्लिकेशन ऑप्टिमाइझ्ड राउटिंग' नावाची एक खूण सेटिंगमध्ये असते. ती लावली की राऊटर घरातल्या यंत्राचा पत्ता आणि पलीकडच्या सर्व्हरचा पत्ता ही जोडी लक्षात ठेवतो, आणि त्या दोघांमधले पुढचे सगळे बोलणे त्याच एका लाईनवरून पाठवतो. वेगाची चाचणी एकाच सर्व्हरशी अनेक जोडण्या उघडते. खूण लावलेली असली तर त्या सगळ्या एकाच लाईनवर जातात, काढली तर दोन्हीकडे विखुरतात आणि बेरीज दिसते. ती बेरीज पाहून खूण काढून टाकण्याचा मोह होतो, आणि पहिल्या आठवड्यात मीही ती काढली होती. दुसऱ्याच दिवशी एका बँकेच्या संकेतस्थळावर चलन भरताना मला मध्येच बाहेर काढले गेले, पुन्हा लॉगिन केले आणि पुन्हा तेच झाले. बँकेची चूक नव्हती. एकाच ग्राहकाच्या नावाने एका मिनिटात दोन वेगळ्या कंपन्यांच्या पत्त्यांवरून मागण्या येत असतील तर कोणतीही सावध यंत्रणा दार लावून घेईलच. खूण परत लावली आणि प्रकार बराच कमी झाला.

बराच कमी झाला, पूर्ण थांबला नाही. बँकेत लॉगिन एका सर्व्हरवर होते आणि पैसे भरण्याचे पान दुसऱ्या सर्व्हरवर उघडते, तेव्हा जोडी बदलते आणि लाईनही बदलू शकते. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे पॉलिसी राउटिंग. माझ्या कामाच्या संगणकाला मी आधी कायमचा एक पत्ता राखून दिला, त्या पत्त्याचा गट तयार केला, आणि नियम लिहिला की या गटातले सगळे पहिल्या लाईनवरून जाईल. इथे नियमाला दोन प्रकार मिळतात: 'ओन्ली' निवडले तर ती लाईन गेल्यावर संगणक बिनइंटरनेटचा राहतो, आणि 'प्रायोरिटी' निवडले तर तो तात्पुरता दुसऱ्या लाईनवर जातो. घरासाठी 'प्रायोरिटी' हेच योग्य. मुलीच्या लॅपटॉपलाही मी हाच नियम लावला, आणि टीव्ही व टॅब दुसऱ्या, ५० च्या लाईनवर टाकले. तेव्हापासून बँकेने मला एकदाही बाहेर काढलेले नाही, आणि मनोरंजन व काम एकमेकांच्या वाटेत येत नाही. नुसत्या आपोआप वाटपापेक्षा ही हाताने केलेली वाटणी मला कितीतरी जास्त उपयोगी वाटते.

ज्यांना खरोखरच एका फाईलसाठी दोन्ही लाईनींची बेरीज हवी आहे, त्यांना बाँडिंग करावे लागते, आणि तो वेगळा विषय आहे. त्यासाठी पलीकडे आपल्या विश्वासाचा एक सर्व्हर लागतो, जो दोन वाटांनी आलेले तुकडे जुळवून पुढे एका पत्त्यावरून पाठवेल. कल्पना जुनी आहे. टेलिफोन लाईनच्या काळातला मल्टिलिंक पीपीपी १९९६ मध्ये प्रमाणित झाला होता, त्यानंतर एकच जोडणी अनेक वाटांनी नेणारा मल्टिपाथ टीसीपी २०१३ मध्ये आणि सुधारित रूपात २०२० मध्ये आला, आणि अॅपलने आयओएस ७ मध्ये आपल्या सिरी या बोलक्या मदतनीसासाठी तो वापरलाही. घरासाठी स्पीडीफायसारखी वर्गणीची सेवा, भाड्याच्या सर्व्हरच्या आधारे चालणारा ओपनएमपीटीसीपीराऊटर, किंवा पेपलिंकच्या महागड्या राऊटरमधले स्पीडफ्यूजन असे मार्ग आहेत. मोठे व्हिडिओ चढवणाऱ्याला किंवा थेट प्रक्षेपण करणाऱ्याला ते उपयोगी पडतील. पण त्यात सगळी वाहतूक कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरला वळसा घालून जाते, त्या सर्व्हरचा पत्ता पाहून काही बँका आणि चित्रपटांची अॅप तोंड फिरवतात, आणि महिन्याचा खर्च वाढतो. शंभर एमबीपीएसची एक लाईन दीडशेची करून घेण्यासाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्याच कंपनीकडून वरचा प्लॅन घेणे मला शहाणपणाचे वाटते.

राऊटर लावताना दोन ठिकाणी अडखळले, ती इथे सविस्तर सांगते, कारण या दोन्ही अडचणी जवळजवळ प्रत्येक घरात येतील. पहिली पत्त्यांची. माझ्या दोन्ही कंपन्यांच्या डब्यांचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ असाच होता. दोन वॅन पोर्टवर एकच पत्तासमूह आला की राऊटरला कोणते दार कुठे उघडते ते कळत नाही, आणि दुसरी लाईन जोडली जाऊनही निरुपयोगी राहते. एका डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ केला आणि प्रश्न सुटला. ईआर६०५ स्वतः १९२.१६८.०.१ वर असतो, त्यामुळे तोही आकडा टाळावा. डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः राऊटरचे काम न करता लाईन नुसती पुढे देणारा, करून घेणे हा याहून स्वच्छ उपाय आहे, पण त्यासाठी कंपनीचा माणूस तयार व्हावा लागतो. माझ्याकडे तो झाला नाही, आणि दुहेरी नॅटमुळे, म्हणजे डबा आणि राऊटर दोघांनीही पत्ते बदलल्यामुळे, माझ्या कामात काही अडलेही नाही. घरातला कॅमेरा किंवा सर्व्हर पोर्ट उघडून बाहेरून पाहणाऱ्यांना आणि काही ऑनलाइन खेळांना मात्र अडचण येईल.

दुसरी अडचण वेगाच्या आकड्यांची. प्रत्येक वॅन पोर्टच्या पानावर लाईनचा वेग केबीपीएसमध्ये (एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस) भरायचा असतो आणि तिथे आधीपासून दहा लाखांचा आकडा असतो. तो तसाच ठेवला तर राऊटर दोन्ही लाईनींना गिगाबिटच्या समजतो, काम सारखे वाटतो, आणि ५० ची लाईन घामाघूम होत असताना १०० ची निवांत राहते. प्लॅनच्या जाहिरातीतला आकडा न घेता, प्रत्येक लाईन एकटी जोडून संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास प्रत्यक्ष जो वेग मिळतो तो भरावा. मी ९५००० आणि ४८००० भरले.

यापेक्षाही महत्त्वाचे सेटिंग म्हणजे 'ऑनलाइन डिटेक्शन'. बाहेर रस्त्यावर फायबर तुटले की ओएनटीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल नसल्याचा, लाल दिवा लुकलुकतो, पण ओएनटी आणि राऊटर यांच्यामधली दोन फुटांची केबल शाबूत असते. राऊटरने फक्त त्या केबलकडे पाहिले तर त्याला सगळे आलबेल वाटेल आणि तो अर्धी वाहतूक त्या मेलेल्या लाईनवर ढकलत राहील. म्हणून दर थोड्या वेळाने बाहेरच्या जगाला हाक मारून उत्तर येते का हे त्याने तपासले पाहिजे. आपोआप तपासणी डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या, आधारे होते. मी ती हाताने ठरवून दोन लाईनींना दोन वेगळे पत्ते दिले, एकीला गूगलचा ८.८.८.८ आणि दुसरीला क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१. मग मुलीला एक बैठक सुरू करायला सांगून पहिल्या ओएनटीची पिवळी फायबर वायर काढली. दिवा लाल झाला, पडद्यावरची माणसे गोठली, 'रीकनेक्टिंग' असे आले, आणि साधारण वीस सेकंदांत बैठक दुसऱ्या लाईनवर पुन्हा सुरू झाली. संकेतस्थळे लगेच उघडू लागली. उतरत असलेली फाईल मात्र तुटली आणि पुन्हा सुरू करावी लागली; पत्ता बदलल्यावर ते होणारच. लाईन बदलल्याचे कोणालाच कळणार नाही अशी अपेक्षा ठेवू नये, पण वीस सेकंद आणि दोन तास यांत पुष्कळ अंतर आहे. वायर काढून केलेली ही चाचणी प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करावी, दोन्ही लाईनींसाठी आणि घाईचे काम नसताना.

एवढे सगळे करूनही ऑगस्टमधल्या एका वादळी दुपारी दोन्ही दिवे एकदम लाल झाले. कोपऱ्यावरच्या झाडाची फांदी तारांवर पडली होती. दुरुस्तीला आलेला मुलगा शिडीवरूनच म्हणाला, "काकू, तुमच्या दोन्ही वायरी एकाच पोलवरनं आल्यात की." दोन कंपन्या, दोन बिले, दोन डबे, आणि शेवटच्या दोनशे मीटरला एकच खांब. माझ्या मते दुसरी लाईन निवडताना विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो दुकानात किंवा कॉल सेंटरला विचारून उपयोग नाही. आपल्या गच्चीवर उभे राहून तारा कुठून येतात ते स्वतः पाहावे. त्यानंतर मी दुसरी फायबर लाईन बंद करून फाईव्ह-जीवर चालणारे एअरफायबर घेतले. २०२३ पासून जिओ आणि एअरटेल दोघेही या नावाने घरगुती सेवा देतात. गच्चीवर अँटेना बसते, तिथून एक केबल आत येते, आणि त्या केबलचे टोक ईआर६०५च्या दृष्टीने कोणत्याही दुसऱ्या वॅनसारखेच असते. संध्याकाळी त्याचा वेग खालीवर होतो, म्हणून मी ते टीव्हीसाठी आणि अडीअडचणीला ठेवले आहे. खांबाशी त्याचा संबंध नाही, आणि मला हवे होते ते नेमके हेच.

विजेचेही तसेच. घराला इन्व्हर्टर असला तरी राऊटरचा कोपरा त्यावर आहे का ते तपासावे. आमचा नव्हता. मी डीसी पुरवठा देणारा एक छोटा यूपीएस घेतला; ईआर६०५चा अडॅप्टर ९ व्होल्टचा आणि ओएनटीचा १२ व्होल्टचा असल्यामुळे दोन्ही व्होल्टेज देणारा यूपीएस पाहून घ्यावा लागला. ९ व्होल्टच्या उपकरणाला १२ व्होल्टची पिन बसते म्हणून ती लावू नये.

मला राऊटर करांसह सहा हजारांच्या आत पडला. तो पाहण्याआधी आपल्या घरातला राऊटर तपासावा, कारण एसुसच्या बऱ्याच राऊटरमध्ये ड्युअल वॅन आधीच असते आणि वायफायही त्याच डब्यात मिळते. ज्यांना वेगळी डबी नको त्यांनी तिकडे वळावे. मायक्रोटिकच्या राऊटरवर, किंवा ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली टाकलेल्या राऊटरवर तिच्या एमवॅन३ या जोडप्रोग्रामने, हेच काम याहून बारकाईने करता येते, पण ते शिकायला रविवार खर्ची घालण्याची तयारी हवी. ईआर६०५ या दोघांच्या मधला आहे. मेनू इंग्रजीत आहे आणि त्यातले शब्द कार्यालयातल्या तंत्रज्ञाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत, त्यामुळे 'गट आधी, नियम नंतर' हा क्रम घरगुती माणसाला लवकर उमगत नाही. तो एकदा कळला की पुढे अडत नाही. सगळे मनासारखे जमले की सेटिंगची बॅकअप फाईल उतरवून ठेवावी.

ज्यांची लाईन वर्षातून दोनदा जाते आणि ज्यांचे काम फोनच्या हॉटस्पॉटवर तासभर निभते, त्यांनी हा खर्च करू नये. राऊटरच्या किमतीपेक्षा दुसऱ्या लाईनची दरमहाची बिले मिळून जास्त होतात. वेगासाठीही घेऊ नये. घरात दोन माणसे नेटवर पोट भरत असतील तर मात्र घ्यावा. गेल्या महिन्याच्या २० तारखेला रात्री राऊटरची नोंदवही सहज उघडली, तेव्हा दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी पहिली लाईन गेली होती आणि ४ वाजून ४० मिनिटांनी परत आली होती असे दिसले. त्या दीड तासात मी अकरा विवरणपत्रे भरली होती.